जिवंत चिंबोरी ते कालवण: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

नवी मुंबईत बेलापूरला दिवाळे गावच्या मासळी बाजारात दोरीने बांधलेल्या काळपट-हिरव्या चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, तोंडाला फेस काढत टोपलीत पडलेल्या दिसतात. सुरमई-पापलेट रोज करणारी माणसंही तिथे थबकतात, कारण हा जीव घरी नेल्यावर करायचं काय ते ठाऊक नसतं. शिकून घ्या. घरी साफ केलेल्या चिंबोरीच्या रश्श्याला जी चव येते, ती बाजारातून तोडून-धुऊन आणलेलीला येत नाही.

निवड आधी. ‘बाय, आधी हातात घे,’ असं कोळीण मावशी सांगते ते अगदी खरं. आकाराच्या मानाने जड लागेल तीच घ्या. खालून, शेवटच्या पायाजवळ अंगठ्याने दाबा. कवच दबलं, तर तिने नुकतीच कात टाकलेली असते. आत मांस कमी आणि पाणी जास्त. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. लाख, म्हणजे आतली नारिंगी गाभोळी, हवी असेल तर मादी घ्या, पण झडपेखाली बाहेर अंड्यांचा घोस दिसला तर ती घेऊ नका. तिवरांच्या चिखलातली पुढची पिढी तिच्याच पोटाशी असते.

घरी आणल्यावर बादलीभर पाण्यात टाकू नका, गुदमरून मरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. मेलेल्या खेकड्यात जंतू फार झपाट्याने वाढतात. एकदा प्लास्टिकच्या पिशवीत रात्रीपर्यंत राहिलेल्या माझ्या दोन चिंबोऱ्या मेल्या. पैशांचं वाईट वाटलं, तरी टाकून दिल्या. तुम्हीही टाका.

करायच्या आधी बांधलेल्या चिंबोऱ्या अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवा. पूर्ण निपचित झाल्या की मगच दोरी सोडा. त्यांचाही त्रास वाचतो, तुमची बोटंही. उलटी धरून झडप ओढून काढा आणि पाठीची कवटी उचकटा. दोन्ही बाजूंचे राखाडी, पिसांसारखे कल्ले आणि तोंडामागची छोटी पिशवी काढून टाका. नारिंगी लाख वाटीत बाजूला ठेवा. धड मधोमध कापा. डेंग्यांवर, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्यांवर, बत्त्याचा एकच हलका घाव घाला, तडा गेला की पुरे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारीक पाय टाकू नका. दोन वाट्या पाण्यात मिक्सरमधून फिरवा आणि बारीक गाळणीने दोनदा गाळा, कवचाची कच राहता कामा नये. या करड्या पाण्यातच कालवणाचा जीव आहे. तापलं की त्यातलं प्रथिन गोठतं, रस्सा आपोआप दाट होतो. मोठ्या आचेवर तसाच सोडला तर फुटल्यासारखा दिसतो, म्हणून उकळी येईपर्यंत ढवळत राहा.

किलोभर चिंबोऱ्यांसाठी चार चमचे तेलात दहा-बारा ठेचलेल्या लसूण पाकळ्या आणि दोन चिरलेले कांदे परता. हळद, तीन चमचे आगरी-कोळी मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून तेल सुटू द्या. धडं आणि डेंगे त्यात परता. कवच लालभडक होऊ लागतं, कारण प्रथिनाला बांधलेला रंग उष्णतेने सुटतो. मग गाळलेलं पाणी, लाख, मीठ घाला आणि झाकण ठेवून बारा ते पंधरा मिनिटं शिजवा. जास्त शिजलं तर मांस कवचाला चिकटतं. शेवटी चिंचेचा कोळ, कोथिंबीर.

तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, करायच्या झाल्या तर तासभर मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सुटते. उघड्या तिसरीला टिचकी मारा. मिटली नाही तर ती मेलेली. खाडीचं पाणी गाळूनच त्या जगतात, त्या पाण्यातले काविळीचे विषाणूही अंगात साठवतात. म्हणून शिंपले उघडल्यावरही चार-पाच मिनिटं उकळू द्या आणि मिटलेले राहतील ते फेका. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी या दोन्हींपासून लांबच राहावं.

कालवण अर्धा तास मुरू द्या. सोबत तांदळाची भाकरी, कवचांसाठी एक मोठं ताट, आणि डेंगे फोडायला तोच बत्ता.