वॅलेटाला कधी जावं: पाहुण्यांना मी सांगायचे ते

माल्टाची राजधानी वॅलेटा, तिथे मी तीन वर्षं राहिले. सेंट पॉल स्ट्रीटवर तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि रस्त्यावर पुढे आलेली बंद लाकडी गॅलरी. माल्टी भाषेत तिला गल्लारिया म्हणतात, त्यामुळे निदान एक शब्द तरी मला आयता मिळाला. एवढ्या भांडवलावर तीन वर्षांत अकरा पाहुणे येऊन गेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कधी येऊ?"

सुरुवातीला मी फोनवरचं तापमान बघून उत्तर द्यायचे आणि तोंडघशी पडायचे. मावसभावाला म्हटलं, मेच्या सुरुवातीला ये, चोवीस-पंचवीस अंश, लख्ख ऊन, मस्त पोहता येईल. तो सेंट एल्मो किल्ल्याखालच्या खडकांवरून दिमाखात उडी मारून गेला आणि अर्ध्या मिनिटात ओठ निळे करून बाहेर आला. आई-बाबांना जानेवारीत बोलावलं. दिवसा सोळा अंश, म्हणजे स्वेटरपुरती थंडी, असा माझा हिशेब. बाहेर ते मजेत असायचे. घरात शिरले की दोघंही शाल गुंडाळून गॅसच्या हीटरपुढे बसायचे आणि बाबा दर तासाला म्हणायचे, "चला, बाहेर ऊब घेऊन येऊ."

दोन्ही वेळा आकडा बरोबर होता, चुकले मी. वॅलेटाच्या तीन बाजूंना समुद्र आहे आणि सगळं शहर पिवळसर चुनखडीचं. पाणी आणि दगड, दोन्ही मंद गतीचे. तापायला वेळ लावतात आणि निवायलाही. हवेत मे महिना आलेला असतो तेव्हा पाणी अजून मार्चमध्ये असतं, साधारण अठरा-एकोणीस अंशांवर. उलट ऑक्टोबरात हवा पंचविसावर उतरली तरी समुद्र चोवीसच्या आसपास टिकून असतो, कारण ऑगस्टमध्ये तो सव्वीस-सत्तावीसला पोचलेला असतो आणि ती ऊब सहजासहजी सोडत नाही. म्हणून पोहायचं असेल तर जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. एप्रिल-मेमधले समुद्राचे फोटो फोटोपुरतेच ठेवावेत.

दगडाची गोष्ट जरा वेगळी. इथला चुनखडी दगड सच्छिद्र आहे, हिवाळ्यात ओल पितो. जुन्या घरांच्या भिंती जाडजूड, पण सेंट्रल हीटिंग बहुतेक ठिकाणी नाहीच. माझ्या पलंगामागच्या भिंतीवर डिसेंबरात बोट फिरवलं तर ओलं व्हायचं. धुतलेली जीन्स वाळायला तीन दिवस. हवेतली ओल काढणारं यंत्र रात्रभर लावलं की सकाळी त्याच्या डब्यातून लोटाभर पाणी ओतावं लागायचं. तेव्हा डिसेंबर ते मार्च जाणार असाल तर खोली घेताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, गरम हवा देणारा एसी आहे का हे आधी. जुन्या वाड्यातल्या देखण्या खोल्या यात हमखास नापास होतात.

हे एकदा कळलं की महिना ठरवणं सोपं जातं. मी पाहुण्यांना उलटा प्रश्न विचारायला लागले: करणार काय?

चालायचं, देवळं-चर्च बघायची, आडबाजूच्या वाटा धुंडाळायच्या असतील तर मार्चचा मध्य ते मेचा मध्य. माल्टा हिरवं असतं यावर जुलैत येणाऱ्या माणसाचा विश्वास बसत नाही. त्याला दिसतो तो भाजलेल्या पोळीच्या रंगाचा खडक. पण ऑक्टोबरात पहिला पाऊस पडला की रान उगवायला लागतं आणि एप्रिलपर्यंत डिंगलीच्या कड्यांवर पिवळी शेवंतीसारखी फुलं आणि सुल्ला नावाची लालभडक फुलं गुडघ्यापर्यंत येतात. जून उजाडेस्तोवर सगळं वाळून जातं. इस्टरच्या आधीच्या शुक्रवारी वॅलेटातून मोठी मिरवणूक निघते, आणि बेकऱ्यांत फिगोल्ली लागतात: दोन बिस्किटांच्या मध्ये बदामाचं सारण आणि वरून साखरेचं नक्षीकाम. इस्टरची तारीख दरवर्षी हलते, तेवढी बघून घ्या.

२० मार्चच्या आसपास जाणाऱ्यांनी म्नायद्रा बघावं. हा मंदिरांचा समूह पाच हजार वर्षांपूर्वीचा. विषुवदिनाला, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उगवत्या सूर्याचा किरण खालच्या मंदिराच्या दारातून सरळ मधल्या अक्षावरून आत जातो. सप्टेंबरच्या विषुवदिनालाही तेच. पहाटे आत सोडतात ती माणसं मोजकी असतात आणि तिकिटं आधीच संपतात. मी एकदा गेले आणि नेमकं ढगाळ निघालं. आम्ही सगळे पहाटे साडेपाचला थंडीत उभे राहून एका करड्या दगडाकडे भक्तिभावाने बघत होतो.

जुलै-ऑगस्टबद्दल थोडक्यात सांगते, कारण मला तो काळ आवडत नाही. पारा बत्तीसच्या पुढे, पाऊस जवळपास शून्य, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री ती उष्णता सोडत बसतो. रात्री अकराला माझ्या खोलीची भिंत हाताला कोमट लागायची. वॅलेटाचे रस्ते 1566 नंतर सरळ पट्टीने आखल्यासारखे बांधले, त्यामुळे समुद्राची झुळूक या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, हा खरा दिलासा. पण याच रस्त्यांना पायऱ्याही आहेत. सेंट उर्सुला स्ट्रीट दुपारी दोनला चढून बघा, म्हणजे कळेल.

तरी ऑगस्टच हवा असेल, शाळांच्या सुट्ट्यांमुळे वगैरे, तर 15 ऑगस्टच्या आसपास काय होतं ते माहीत असू द्या. त्या दिवशी सांता मारिया, म्हणजे मेरीमातेचा सण. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, वेढ्याने उपासमारीला आलेल्या माल्टात ओहायो नावाचं तेलवाहू जहाज, दोन्ही बाजूंनी युद्धनौकांच्या आधाराने, अर्धं बुडालेलं, याच दिवशी ग्रँड हार्बरमध्ये, म्हणजे वॅलेटाच्या मोठ्या बंदरात, पोचलं. त्यामुळे या सणाला दुहेरी अर्थ आहे. गावोगाव उत्सव, सकाळी आठपासून कानठळ्या बसवणारे बार, आणि अर्धा देश शेजारच्या गोझो बेटावर. गोझोच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते. त्या आठवड्यात गोझोला मुक्काम करायचा बेत असेल तर काही महिने आधी खोली घ्या, नाहीतर तो बेतच सोडा.

ऑगस्टच्या मध्यापासून लम्पुकी माशाचा हंगाम सुरू होतो तो वर्ष संपेपर्यंत. कोळी ताडाच्या झावळ्यांचे तराफे समुद्रात नांगरून ठेवतात, त्यांना कन्नित्साती म्हणतात. मासे सावलीला खाली जमतात आणि जाळ्यात सापडतात. मासे खाणाऱ्यांनी फक्त यासाठीसुद्धा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडावा. रविवारी सकाळी मार्साश्लोक्कच्या बाजारात जायचं, तेही लवकर. दहा वाजता तिथे माशांपेक्षा टूरिस्ट बस जास्त असतात.

मार्साश्लोक्क म्हणजे श्लोक्कचं बंदर. आणि श्लोक्क म्हणजे आग्नेयेचा वारा. ऐकायला अगदी श्लोक, पण मनःशांती घालवणारा. सहाराकडून निघतो, समुद्रावरून येताना बाष्प भरून घेतो, कधी धूळही आणतो. गाड्यांवर तांबूस थर बसतो, कपडे अंगाला चिकटतात, आमच्या ऑफिसात त्या दिवशी सगळे एकमेकांवर खेकसायचे. माझ्या वरच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात भेटली की 'गुड मॉर्निंग'ऐवजी नुसतं "श्लोक्क" म्हणायची आणि कपाळाला हात लावायची.

महिना निवडणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं रोज सकाळी करायचं: वारा कुठून आहे ते बघायचं. तीन नावं पाठ असली की पुरे. मय्यिस्त्राल वायव्येचा, सगळ्यात नेहमीचा, हवा कोरडी करणारा. तो असेल त्या दिवशी गोल्डन बे, आयन तुफीहा या पश्चिम किनाऱ्यांवर लाटा उसळतात, तेव्हा मार्साश्लोक्कजवळच्या सेंट पीटर्स पूलला जा. श्लोक्क असेल तर नेमकं उलट. तिसरा ग्रिगाल, ईशान्येचा, मुख्यतः थंडीच्या महिन्यांतला. ग्रँड हार्बरचं तोंडच ईशान्येकडे आहे, त्यामुळे तो थेट दाराशी येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, आहे म्हणून निभावतं. गोल्डन बे त्या दिवशी पुष्कळदा शांत असतं. स्थानिक लोक किनारा ठरवून निघत नाहीत, वारा बघून किनारा ठरवतात. हॉटेलच्या काउंटरवर "आज कुठे पोहू?" असं विचारा, लगेच सांगतात.

आता माझा लाडका काळ, ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचे पहिले दहा दिवस. पाणी अजून उबदार, दगड निवलेला, रात्री झोप लागते. यात धोका पावसाचा. वर्षभराचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला बराचसा याच सुमाराला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत पडतो, आणि पडतो तो रिपरिप नाही. समुद्र कोमट, वरची हवा गार, मग ढग एकदम फुटतो. तासाभरात वॅलेटाजवळच्या म्सीदा गावाच्या रस्त्यांवर गाड्या तरंगायला लागतात आणि दुपारी परत कडक ऊन. चार-पाच दिवसांच्या सहलीत एखादा दिवस असा जाईल असं धरूनच चला. बूट मात्र पकडीचे हवेत. वॅलेटाच्या पायऱ्या शतकानुशतकं पाय घासून गुळगुळीत झाल्यात, ओल्या झाल्या की साबणाच्या वडीसारख्या. त्याच ऋतूत पहाटे रानात बंदुकीचे बार ऐकू आले तर घाबरू नका, पक्ष्यांची शिकार चाललेली असते. आवडलं नाही तरी वाट बदलणं एवढंच आपल्या हातात.

खर्च कमी हवा असेल तर जानेवारी-फेब्रुवारी. खोल्या स्वस्त, दिवस लहान. डिसेंबरअखेरीला पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये तोच सव्वाआठपर्यंत असतो. या काळात जाल तर 10 फेब्रुवारी गाठा. संत पॉल याच बेटावर जहाज फुटून लागला, त्याचा सण. त्याचं चर्च माझ्याच रस्त्यावर. मूर्ती खांद्यावर घेऊन निघतात आणि गल्लारियांतून कागदाचे कपटे पोत्याने ओततात. रस्त्यावर घोट्याइतका कागद साठतो, बँड त्यातूनच सरकतो. माझ्या डोक्यातून दोन दिवस कपटे निघत होते. कार्निवलही फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला, इस्टरच्या तारखेप्रमाणे.

गर्दीचा ऋतूशी संबंध वाटतो त्यापेक्षा कमी आहे. वॅलेटा टोकापासून टोकापर्यंत जेमतेम एक किलोमीटर. एक मोठं क्रूझ जहाज लागलं की एप्रिलातल्या मंगळवारीही सेंट जॉन्स को-कॅथीड्रलबाहेर रांग. बंदराचं जहाजांचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. जहाज नसलेला दिवस किंवा दुपारी उशिराची वेळ निवडा. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत. आत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं 1608 सालचं मोठं चित्र आहे, त्याने सही केलेलं एकमेव, आणि सही केली आहे ती चित्रातल्या रक्तात. ते बघायला निवांत वेळ हवा.

हाल सफ्लिएनीच्या भुयारी दफनभूमीत एका वेळी दहाच माणसं सोडतात. तिथली हवा बिघडू नये म्हणून. कुठल्याही ऋतूत जा, हे तिकीट आधी काढा आणि मग त्यावरून बाकीचे दिवस लावा. व्हिसा शेंगेनचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी, पण उन्हाळ्यासाठी इतका उशीर करू नका.

अकरावी पाहुणी आत्या. तिला ऑक्टोबरअखेर सांगितला. चार दिवस अगदी मनासारखे गेले, साठी उलटलेली आत्या रोज सकाळी पोहून यायची. पाचव्या दिवशी गोझोचा बेत होता आणि रात्रीच ग्रिगाल सुटला. वॅलेटाहून जाणारी वेगवान फेरीबोट रद्द. चिर्केव्वा बंदरातून सुटणारी मोठी बोट चालू होती, पण तिथवर बस, मग हेलकावे. आत्या म्हणाली, नको. दिवसभर आम्ही गल्लारियात बसून चहा प्यायलो आणि ब्रेकवॉटरवरून पाणी उडताना ऐकत राहिलो. दुसऱ्या दिवशी वारा पडला, ऊन आलं. काचा आतून स्वच्छ होत्या, बाहेरून दुधाळ. आत्याने खिडकी उघडून बाहेरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "मीठ आहे गं. तिसऱ्या मजल्यावर!"