दोरंगी रबरी हातमोजे घालण्याआधी कसे तपासावेत

विजेच्या कामाचे दोरंगी रबरी हातमोजे दोन थरांचे असतात. बाहेरचा थर काळा किंवा लाल, आतला पिवळा किंवा नारिंगी. रबराला चीर गेली, ओरखडा खोल गेला किंवा घासून घासून वरचा थर झिजला, की आतला रंग डोकावतो. पिवळं दिसलं की मोजा बाद, इतका साधा हा हिशोब. पण नीट पाहायची सवय नसेल तर हा रंग सहज नजरेतून सुटतो, आणि काही दोष तो दाखवूच शकत नाही. म्हणून तपासणी रोज, कामाला हात घालण्याआधी आणि क्रमाने करायची.

आधी मोज्याच्या बाहीवरचा शिक्का वाचा. क्लास 00 (फिकट बदामी लेबल) 500 व्होल्टपर्यंत, क्लास 0 (लाल) 1000 व्होल्टपर्यंत, क्लास 1 (पांढरं) 7500, क्लास 2 (पिवळं) 17000, क्लास 3 (हिरवं) 26500 आणि क्लास 4 (नारिंगी) 36000 व्होल्टपर्यंत, हे सगळे एसी (उलटसुलट वाहणाऱ्या) विजेच्या दाबाचे आकडे. 415 व्होल्टच्या एलटी (कमी दाबाच्या) कामाला क्लास 0 घ्यावा. तोच मोजा घालून 11 केव्हीच्या (11000 व्होल्टच्या) लाईनजवळ जाणं म्हणजे जिवाशी खेळ. लाईन बंद करून, परमिट (कामाची लेखी परवानगी) घेऊन, दोन्ही बाजूंनी अर्थिंग करूनच (तारा जमिनीला जोडूनच) काम करायचं असेल तर मोजे हातात आहेत म्हणून त्यातली एकही गोष्ट टाळू नका.

आता हात धुवा, अंगठी, कडं, घड्याळ काढा. नखं वाढलेली असतील तर कापा, कारण आतून होणारं बरंचसं नुकसान नखं आणि अंगठ्यांमुळेच होतं. मोज्यावर माती, ग्रीस असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून कोरडा करा. मळाखाली चीर दिसत नाही.

तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग ताणण्याचा आहे. रबर लवचिक असल्यामुळे धारदार पात्याने गेलेली चीर आपोआप मिटते. मोजा टेबलावर पसरून नुसता पाहिला तर काळा पृष्ठभाग अखंड दिसतो. म्हणून मोजा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून थोडा थोडा भाग बोटांवरून वळवत, हलकेच ताणत पुढे न्या. चीर असेल तर तिची कड उघडते आणि काळ्यात पिवळी रेघ उमटते. बोटांची टोकं, दोन बोटांमधली बेचकी, अंगठ्याचं मूळ आणि तळवा इथे जास्त वेळ द्या, कारण पक्कड, तारेची टोकं आणि नट यांचा मार इथेच बसतो. काम उजेडात करा. संध्याकाळी खांबाखाली उभं राहून अंदाजाने पाहणं ही तपासणी नव्हे.

रेघेऐवजी बोटांच्या टोकांवर पिवळसर डाग दिसला तर वरचा थर झिजलाय असं समजा. तोही मोजा बाद. उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखं बारीक जाळं दिसलं तर ते ओझोनचं काम आहे. उच्च दाबाच्या लाईनजवळ आणि ठिणग्या पडतात तिथे ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या किंवा दुमडलेल्या रबरावर आधी हल्ला करतो. मोजा दुमडून खिशात कोंबला तर घडीवरच भेगा पडतात, त्या याचमुळे. या भेगा उथळ असतील तर पिवळा रंग दिसणारही नाही. तरीही मोजा वापरू नका.

मग मोजा उलटा करून आतली बाजू तशीच ताणून पाहा. इथे रंग उलटे: उजळ पृष्ठभागावर गडद रेघ शोधायची. चिकट, मऊ, फुगलेला किंवा उलट कडक झालेला भाग बोटाला लागतो का तेही पाहा. पेट्रोल, डिझेल, ट्रान्सफॉर्मर तेल, ग्रीस लागल्याने नैसर्गिक रबर फुगतं. तपासून झालं की मोजा लगेच सुलटा करा.

टाचणीएवढ्या भोकातून आतला रंग दिसेल इतकी जागाच नसते. त्यासाठी हवेची चाचणी. बाहीची कड दोन्ही बाजूंनी धरून बोटांच्या दिशेने घट्ट गुंडाळा. आत अडकलेल्या हवेने तळवा आणि बोटं फुगतील. मग मोजा कानाजवळ आणि गालाजवळ धरून दाबा. फुस्स आवाज आला किंवा गालाला झुळूक लागली तर भोक आहे. मूळ आकाराच्या दीडपटीहून जास्त फुगवू नका, नाहीतर चाचणीनेच रबर दुखावेल. क्लास 3 आणि 4 चे मोजे जाड असतात, ते हाताने फुगत नाहीत. त्यासाठी हवा भरायचा पंप वापरा. मोजा उलटा करून चाचणी पुन्हा करा.

रबरी मोज्यांवरून घालायचे चामडी मोजेही झटकून पाहा. आत तारेचा तुकडा किंवा लोखंडाचा कीस राहिला तर तो रबरात घुसतो. ते मोजे इतर कामाला वापरू नका. रबरी बाही चामड्याच्या बाहेर किमान एवढी उघडी राहायला हवी: क्लास 0 ला 13 मिमी, क्लास 1 ला 25, क्लास 2 ला 51, क्लास 3 ला 76, क्लास 4 ला 102 मिमी. नाहीतर ओलसर चामड्यावरून वीज सरकून हातापर्यंत येऊ शकते. पावसाळ्यात याकडे खास लक्ष द्या.

घामासाठी आत टाल्कम पावडर किंवा सुती मोजा चालतो. व्हॅसलीन आणि तेलकट मलम चालत नाही. मोजे सरळ, न दुमडता पिशवीत ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात किंवा हत्यारांच्या पेटीत तळाशी नकोत.

एवढं करूनही प्रयोगशाळेतली उच्च दाबाची चाचणी लागतेच. क्लास 0 ची चाचणी 5000 व्होल्टवर होते, क्लास 2 ची 20000 व्होल्टवर. अमेरिकेतल्या नियमानुसार वापरात असलेल्या मोज्यांची चाचणी दर सहा महिन्यांनी होते. आपल्याकडेही हाच मुदतीचा नेम धरावा आणि मोज्यावरची तारीख रोज वाचावी.

बाद मोजा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवून पुन्हा वापरात आणू नका. तो तिथेच कात्रीने बोटं कापून टाकून द्या, म्हणजे दुसऱ्या पाळीतला माणूस तो उचलून घालणार नाही. जोडीतला दुसरा मोजा चांगला असेल तर त्याची चाचणी करूनच नव्या जोडीत घ्या.