घडाघडा वाचतो, पण कळत नाही? मराठी वाचन शिकवताना या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत हे कौतुक नेहमी कानावर येतं: "आमचा नातू चौथीत आहे, पण मराठी घडाघडा वाचतो." वाचणारच. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी रोज डोळ्यांखालून जाते, अक्षरं तीच. अडचण पान संपल्यावर कळते. "गुरुजींनी बंडूला शिक्षा केली" हे वाक्य मुलगी न अडखळता वाचते आणि सांगते, सरांनी बंडूला शिकवलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मग तिचं काय चुकलं? चौथी ते सहावीच्या मुलांबाबत पहिली चूक आपली होते. वेग ऐकून आपण खूश होतो आणि पुढचा धडा काढतो.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं: अक्षरांवरून शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे आकलन. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की उत्तरही शून्य. आपल्याकडच्या मुलांची पहिली बाजू बहुधा भक्कम असते आणि दुसरी लंगडी, तरी उपाय मात्र पहिल्या बाजूवरच चालतो.

"अजून एकदा वाच" हे औषध नव्हे

आधी कुठे अडलंय ते बघा. वाचून झाल्यावर मुलाला गोष्ट हिंदीत सांगू द्या. नीट सांगितली, तर समजलेलं आहे, मराठी बोलायचा सराव तेवढा कमी आहे. अशा वेळी "मराठीतच बोल" हा आजीचा हट्ट थोडा वेळ बाजूला ठेवावा. (एरवी तो योग्यच. "बाजारात मामा मिळाला" ऐकलं की माझ्याही कपाळाला आठी पडते.)

हिंदीतही सांगता आलं नाही, तर तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा. ऐकून समजला, तर त्याची सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात जात होती. त्याला सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचू द्या. ऐकूनही समजला नाही, तर शब्द तरी अनोळखी आहेत किंवा विषय तरी. इथे पाठांतराचा काही उपयोग नाही.

देऊळ माहीत, देवळात माहीत नाही

प्रत्यय लागला की मराठी शब्दाचं रूप बदलतं, हे शिकवणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, कारण आपल्याला ते जन्मापासून येतं. पाऊस–पावसात, कापूस–कापसाचा, देऊळ–देवळात. हिंदीत "पानी में" म्हणताना पानी जसंच्या तसं राहतं, मराठीत पाण्यात होतं. मूल शब्दकोशात "देवळात" शोधतं, सापडत नाही, आणि वही मिटतं. उताऱ्यातले असे शब्द गोल करून मूळ शब्द काढायचा खेळ आठवड्यातून दोनदा घ्या. शब्दार्थांच्या यादीपेक्षा याचा फायदा जास्त होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

यादीबद्दलही सांगते. दहा शब्द, समोर दहा अर्थ, सोमवारी चाचणी, मंगळवारी पाटी कोरी. त्यापेक्षा चार-पाच शब्द घ्या आणि त्यांचं कुटुंब दाखवा: वाहणे, वाहन, वाहतूक, प्रवाह. मग मुलाला स्वतःचं वाक्य करू द्या आणि एक मुद्दाम चुकीचंही. "रस्त्यावर नदीची वाहतूक जोरात होती" असं म्हणून ते हसलं, की शब्द मुरला समजा. शिक्षा, चेष्टा, अभ्यास, संसार या हिंदीत वेगळा अर्थ असलेल्या शब्दांची एक जाडसर वही वेगळी ठेवा.

दर शब्दाला टोकणं

वाक्य संपेपर्यंत थांबा. "चाक"मधला च "चार"सारखा उच्चारला, तर लगेच बिघडत नाही. पण "वेळ"चा "वेल" झाला तर अर्थच बदलतो, तिथे थांबवा. वर्गात एकेकाने परिच्छेद वाचायची पद्धतही सोडा. बाकीची मुलं आपला परिच्छेद कितवा हे मोजत बसतात. जोड्या करून वाचायला द्या.

अनोळखी जगाचं पुस्तक

कोकणातली गोष्ट गोड असते, पण खाडी आणि ओहोटी न पाहिलेल्या मुलाला पहिल्याच पानावर दोन भिंती लागतात. सुरुवात ओळखीच्या विषयाने करा: अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५), जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी, अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या (म्हणजे चित्ररथ). विषय आधीच माहीत असला की नव्या शब्दाचा अंदाज बांधता येतो. प्रश्नही "राणीचं नाव काय" असे नकोत, ते उताऱ्यातून उचलता येतात. "तुला हे कशावरून कळलं?" असं विचारा.

पुस्तक झेपेल का हे पाहायला पान उघडून अडलेल्या दर शब्दाला एक बोट दुमडायला सांगा. पाचही दुमडली, तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. मुलाने स्वतः वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा. ते १९७१पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. छापून घ्यायचं झालं तर एका वेळी एकच गोष्ट छापा, आख्खा अंक समोर ठेवला की मुलं नुसती चित्रं बघतात.