लिफ्ट केलेल्या गाडीच्या स्वे बार लिंक बदलण्याआधी

स्वे बार म्हणजे वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी पोलादी दांडी आणि लिंक म्हणजे तिचं टोक चाकाकडच्या सस्पेन्शनला जोडणारी छोटी कांडी. नवीन लिंक मागवण्याआधी टेप हातात घ्या. सस्पेन्शन बदलून गाडीची उंची ५० मिमी वाढवली (लिफ्ट केली) म्हणजे लिंकही ५० मिमी लांब हवी, हे गणित प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर असतात तिथे, सहसा लिंकचं खालचं टोक अ‍ॅक्सलवरच असतं, त्यामुळे तिथे वाढ साधारण तेवढीच धरा. प्रत्येक चाक वेगळं हलणाऱ्या स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये मात्र लिंक खालच्या कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर जोडलेली असेल, तर चाक ५० मिमी खाली जाताना ते टोक २५ मिमीच्या आसपास सरकतं. लिफ्टच्या किटमध्ये सबफ्रेमच (सस्पेन्शन धरणारी छोटी चौकटच) खाली घेतली असेल, तर बारही तिच्याबरोबर खाली येतो आणि कदाचित जुनीच लिंक पुरते.

माप घेताना गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर आणि नेहमीचं सामान गाडीत हवं. बारचा हात (लिंककडे वळलेलं टोक) जवळपास आडवा आणि लिंक त्याच्याशी काटकोनात असेल, असं अंतर शोधा आणि ते वरच्या जोडाच्या मध्यापासून खालच्या जोडाच्या मध्यापर्यंत मोजा. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजा. या काटकोनावर मी इतका भर देतो, कारण लिंक आखूड राहिली तर चाक पूर्ण लोंबकळताना बारचा हात आणि लिंक एका रेषेत येतात आणि लिंक पलीकडे उलटू शकते. मग बार ब्रेकच्या होजला जाऊन भिडतो. गरजेपेक्षा लांब लिंकही नको, कारण सस्पेन्शन दबल्यावर बारचा हात चॅसिसवर आपटेल.

लांबी कमी-जास्त करता येणारी लिंक घ्या, पण ती ओढूनताणून शेवटच्या आट्यावर आणावी लागेल अशी नको. स्टडच्या (आटे पाडलेल्या दांडीच्या) जाडीच्या निदान दीडपट आटे आत राहिले पाहिजेत. बोल्टची जाडी जुन्याशी जुळते का, हेही बघून ठेवा. रोज वापरायच्या गाडीला माझी पसंती बुशवाल्या, म्हणजे टोकाला रबरासारखी मऊ गादी असलेल्या लिंकला. उघडे हाइम जॉइंट (धातूत धातूची गोळी फिरणारे सांधे) चिखल-धुळीत लवकर सैल होतात आणि खडखडतात. हाताने सुटणाऱ्या लिंक घेतल्या असतील, तर सुटलेला बार वर बांधून ठेवायला पट्टा जवळ ठेवा. बार सोडलेली गाडी फक्त खडकाळ वाटेवर, संथ चालवायची. डांबरी रस्त्याला लागण्याआधी लिंक जोडलीच पाहिजे.

आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. नट फिरवताना बॉल जॉइंटचा स्टडही गरगर फिरतो, म्हणून तो धरायला अ‍ॅलन की किंवा पातळ पाना लागेल. शिवाय टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, दोन जॅक स्टँड आणि चाकं अडवायला उटी (पाचर). नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे) आणाच, कारण एकदा काढलेल्याची पकड कमी होते.

एकच चाक उचलून लिंक सोडू नका. माझ्याकडून एकदा ते झालं. बारमध्ये पीळ साठलेला होता, शेवटचा आटा सुटताच लिंक उसळून मनगटावर बसली. दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. लिंक हाताने सहज निघाली तर बारवर ताण उरलेला नाही.

शेवटचा टॉर्क गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, तिच्या मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे द्या. हवेत घट्ट केलेला रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. लिंकची लांबी पक्की धरणारा चेकनट आवळून नटावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे तो सरकला तर लगेच दिसेल. मग स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि चाकं पूर्ण लोंबकळवून ब्रेक होज, एबीएसची वायर आणि ड्राइव्ह शाफ्ट यांना लिंक कुठे लागत नाही ना, ते बॅटरीच्या उजेडात बघा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर पाना घेऊन पुन्हा खाली शिरा आणि रेघा जागेवर आहेत का ते तपासा.