औषधाची अ‍ॅलर्जी आणि रक्ततपासणी : या चुका टाळा

ठाण्यात पॅथॉलॉजी लॅब शोधावी लागत नाही. नौपाडा असो की घोडबंदर रोड, सॅम्पल न्यायला माणूस घरी येतो. म्हणून गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठलं की डॉक्टरांच्या आधी लॅबला फोन जातो आणि ‘अ‍ॅलर्जी पॅनेल’ सांगितलं जातं. रिपोर्टात धूळ, झुरळ, कोळंबी, शेंगदाणे असतात आणि बहुतेक वेळा ज्या गोळीवर संशय आहे तिचं नावच नसतं. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित अँटिबॉडी) वाढलेलं दिसलं तरी त्यातून औषध ओळखता येत नाही. ते दमा किंवा जंतांमुळेही वाढतं.

ठरावीक औषधाविरुद्धचं आयजीई मोजता येतं, पण फार थोड्या औषधांचं. त्यात पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन मुख्य. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांची रिअ‍ॅक्शन बहुतेकदा आयजीईमुळे येतच नाही, तेव्हा रक्तात ते शोधून काय मिळणार?

‘निगेटिव्ह आलं, म्हणजे गोळी चालेल’ हा निष्कर्ष मात्र जिवावर बेतू शकतो. पेनिसिलिनची तपासणीसुद्धा बऱ्याच खऱ्या रुग्णांत निगेटिव्ह येते, शिवाय रिअ‍ॅक्शनला वर्षं उलटली की हे आयजीई कमी होत जातं. पुढची पायरी त्वचेची चाचणी किंवा हॉस्पिटलात देखरेखीखाली थोडं थोडं औषध देऊन पाहणं. घरी अर्धी गोळी घेऊन बघू नका.

त्वचेच्या चाचणीआधी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. आयजीईच्या रक्ततपासणीसाठी त्याची गरज नाही, तरी लोक उगाच खाजत बसतात.

ट्रिप्टेजचं, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जीत पेशींमधून रक्तात सुटणाऱ्या एन्झाइमच्या तपासणीचं, गणित वेगळं. इंजेक्शननंतर बीपी पडलं, श्वास अडकला, तर आधी उपचार. रक्त मात्र ३० मिनिटं ते २ तासांत, फार तर ४ तासांत घ्यावं. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या एकट्या सॅम्पलवरून काही ठरत नाही. पण पूर्ण बरं झाल्यावर, किमान २४ तासांनी, मूळ पातळीसाठी दुसरं सॅम्पल लागतंच, आणि नेमकं तेच राहून जातं. रिअ‍ॅक्शनच्या वेळची पातळी मूळ पातळीची १.२ पट अधिक २, एवढी किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढ महत्त्वाची. मूळ पातळी ५ असेल तर ८ पासून पुढे लक्ष द्यायचं. म्हणजे रिअ‍ॅक्शनच्या वेळचा ९ आकडा छापील ‘नॉर्मल’मध्ये बसला तरी तो वाढलेलाच आहे.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे जाताना फाईलसोबत गोळीची स्ट्रिप, पुरळाचा फोटो आणि गोळी घेतल्यावर किती वेळानं त्रास झाला याची नोंद न्या. कोणती तपासणी करायची हे त्यावरूनच ठरतं.