इंदूरची बाइक पुण्याला पाठवताय? आधी या चुका टाळा

जून-जुलै आला की इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरात कुणाच्या ना कुणाच्या दारात गोणपाटात गुंडाळलेली बाइक उभी दिसते. पोरगा नाहीतर पोरगी पुण्याला नोकरीला लागलेली असते आणि गाडी मागून पाठवायची असते. दोन वर्षांपूर्वी आम्हीपण मुलासाठी पाठवली, गाडी माझ्या नावावर होती, आणि कागद इथेच नीट न केल्यामुळे नंतर त्याला दोनदा सुट्टी काढून इंदूरला यावं लागलं. तुमच्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक तीच, गाडी वडिलांच्या नावावर ठेवून पाठवणं. चालवायला काही अडचण नाही, लायसन्स असलं आणि इन्शुरन्स चालू असला की मुलगा वडिलांची गाडी खुशाल चालवू शकतो, पण एमपी 09 चा नंबर बदलून महाराष्ट्राचा घ्यायची वेळ आली की तिथलं आरटीओ मालकाचा तिथला पत्ता मागतं, आणि मालक तर इंदूरला बसलाय. तेव्हा मुलगा कायमचा तिकडे राहणार असेल तर गाडी आधी इथेच त्याच्या नावावर करा. त्याचं आधार अजून इंदूरचं असतं, त्यामुळे फॉर्म 29 आणि 30 भरून नायता मुंडल्याच्या आरटीओतूनच काम होतं. एकाच राज्यातली ट्रान्सफर असेल तर 14 दिवसांत कळवायचं असतं. नाव बदललं की मग एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला इथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र.

त्याचा फॉर्म म्हणजे फॉर्म 28. त्यात चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा लागतो, तो गाडी दारात असतानाच काढून ठेवा. गाडी पुण्यात आणि फॉर्म इंदूरात, हे आमच्याकडे झालं. दुसरं म्हणजे कोणत्या आरटीओत नेणार ते त्यात लिहावं लागतं. "पुणे" एवढं डोक्यात ठेवून लोक एमएच 12 टाकतात आणि पोरगा राहतो वाकडला, जे पिंपरी-चिंचवडच्या एमएच 14 मध्ये येतं! भाड्याचं घर पक्कं झाल्यावरच आरटीओचं नाव टाका. आणि गाडी लोनवर घेतली होती का ते आठवा, हप्ते संपून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं, ते बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 देऊन काढावं लागतं. जुनी चालानं परिवहनच्या साइटवर बघून भरून टाका, एक जरी राहिलं तरी काम तिथेच अटकतं.

आता बरेच जण घाबरून उलटी चूक करतात, पुण्यात पोचल्या-पोचल्या तिथला टॅक्स भरायला धावतात. कायदा असा आहे की दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तरच नवा नंबर घ्यायचा, तोपर्यंत एमपीच्या नंबरवर चालवणं पूर्ण कायदेशीर आहे. चौकात कुणी अडवलं तर गाडी कधी आली हे दाखवता आलं पाहिजे, म्हणून रेल्वेची पावती किंवा ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) तारखेसकट जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजीलॉकरमधले चालतात. इथली पीयूसीपण तिथे चालते, फक्त तारीख संपलेली नको.

इन्शुरन्सबद्दल जास्त बोलावंसं वाटतं कारण इथे नुकसान खरं होतं. सप्टेंबर 2018 पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची पॉलिसी) एकदम 5 वर्षांची घ्यावी लागते, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटतं की "5 वर्षांचा इन्शुरन्स आहे ना". पण बहुतेक वेळा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग एकाच वर्षाचा असतो, तो कधीच संपलेला असतो! पाठवण्याआधी पॉलिसी काढून दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचा. कारण आपल्याकडच्या ओन डॅमेज, म्हणजे याच स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने गाडी नेताना झालेलं नुकसानही धरलेलं असतं, लोकांना हे माहीतच नसतं. नुसती थर्ड पार्टी असेल तर मात्र वाटेत टाकी चेपली, आरसा तुटला, त्याचा एक रुपया मिळत नाही.

अजून एक, 15 लाखांचा जो पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर असतो तो मालक-चालकाचा. गाडी तुमच्या नावावर आणि चालवतोय मुलगा, तर त्याला काही झालं तर तो कव्हर त्याला लागू नाही. नाव बदललं की 14 दिवसांत इन्शुरन्स कंपनीलाही कळवा, आरटीओत झालं म्हणजे पॉलिसीत आपोआप होत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, मालकाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा नाव बदलताना प्रीमियमचा फरक भरायला सांगतील, त्यात काही फसवणूक नाही.

रेल्वेने पाठवायचं तर दोन रस्ते. स्वतः त्याच ट्रेनने जाणार असाल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून, त्याला तिकीट लागत नाही. आरसी, इन्शुरन्स आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स घेऊन पार्सल ऑफिसला लवकर जा. टाकी पूर्ण रिकामी करा, पूर्ण म्हणजे पूर्ण, तळाशी राहिलेलंही काढा. पेट्रोल ठेवून गाडी चढवणं हा रेल्वे कायद्यात गुन्हा आहे, 1000 रुपयांपर्यंत दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि डब्यात आग लागली तर किती जीव जातील याचा विचार करा. बुकिंग करताना किंमत लिहून त्यावरचा जास्तीचा चार्ज भरला नाही तर रेल्वेची जबाबदारी अगदी थोडक्या रकमेपुरती राहते. नुकसान झालं तर 6 महिन्यांच्या आत लेखी क्लेम द्या. आणि पुण्यात कुणीतरी उतरवून घ्यायला लगेच पाहिजे, पडून राहिली की व्हार्फेज, म्हणजे स्टेशनवरच्या जागेचं भाडं, चढतो.

पॅकर्सवाला असेल तर व्हॉट्सअॅपवरच्या कोटेशनवर पैसे देऊ नका, सही-शिक्क्याची बिल्टी मागा, त्यावर गाडीचा नंबर, किंमत, किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. आमच्याकडून एकाने निघताना एक रक्कम सांगितली आणि पुण्यात गाडी उतरवण्याआधी दुसरीच मागितली, हातात कागद नव्हता म्हणून द्यावी लागली. रोडच्या क्लेमची लेखी नोटीस 180 दिवसांत द्यायची असते. ओरिजिनल आरसी मात्र गाडीबरोबर पाठवू नका.

काही जण म्हणतात नेण्यापेक्षा इथेच विकून टाकू. चालेल, पण नुसत्या डिलिव्हरी नोटवर (गाडी ताब्यात दिली एवढंच लिहिलेल्या कागदावर) किल्ली देऊ नका. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी पुढे चार हात फिरलेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघेपर्यंत पिच्छा सोडू नका.

आणि इथे भरलेल्या लाइफटाइम टॅक्सची पावती सांभाळा. महाराष्ट्राचा नंबर मिळाला की उरलेल्या वर्षांच्या रिफंडसाठी अर्ज इंदूरलाच करायचा असतो, तेव्हा नव्या आरसीच्या कॉपीबरोबर ती पावती जवळ असली तर काम सोपं जातं.