जुन्या सहा सिलिंडर शेवरोलेत पाच गिअरचा टी-५ बसवताना

शेवरोलेच्या २३५ घनइंची सहा सिलिंडर इंजिनात ओढ भरपूर आहे, अडचण मागच्या गिअरबॉक्सची आहे. १९५५ ते १९५७ च्या मोटारींतल्या तीन गिअरच्या बॉक्सची गुणोत्तरं २.९४, १.६८ आणि १.०० अशी आहेत. पहिल्याला सिंक्रो (गिअर टाकताना दातांचे वेग जुळवणारी रिंग) नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात खरखरतात. तिसऱ्यात ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला २८०० फेऱ्यांवर ओरडत असतं. यावर नेहमीचा उपाय म्हणजे बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-५. हा बॉक्स जेमतेम ३५ किलोचा आहे आणि २३५ चा जोर सहज झेलतो.

१९५४ आणि त्याआधीच्या मोटारींत प्रोपेलर शाफ्ट बंद नळीत, म्हणजे टॉर्क ट्यूबमध्ये असतो. मागच्या अॅक्सलचा रेटा त्या नळीतूनच पुढे येतो. तिथे नुसता गिअरबॉक्स बदलून भागत नाही, उघड्या शाफ्टचा मागचा अॅक्सलच घालावा लागतो. ते काम वेगळं आणि मोठं आहे. पुढचं सगळं उघड्या शाफ्टच्या गाड्यांसाठी.

आधी अॅक्सल, मग गिअरबॉक्स

टी-५ हा एक बॉक्स नाही, एकाच कवचातली डझनभर गुणोत्तरं आहेत. हाताशी आला तो उचलला की इथेच चूक होते. मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर पक्कं माहीत नसेल तर दोन्ही मागची चाकं उचला, शाफ्टवर खडूची खूण करा, दोन्ही चाकं एकत्र एक पूर्ण फेरी फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तीन फेरे आणि चौथ्याचा पाऊण भरायला थोडं कमी, म्हणजे ३.७०. तीन गिअरच्या मोटारींत साधारण हाच अॅक्सल असतो.

आता पहिल्या गिअरचं गुणोत्तर गुणिले अॅक्सल. उत्तर ११ ते १३ च्या दरम्यान आलं तर पहिला गिअर कामाचा. मूळ बॉक्सचं २.९४ × ३.७० = १०.९. शेवरोलेच्या एस-१० पिकअपमधून निघणाऱ्या टी-५ चा पहिला बऱ्याचदा ४.०३ चा असतो, म्हणजे १४.९. अशा गाडीत पहिला टाकला न टाकला तोच दुसरा मागते. शिवाय त्या बॉक्सचा पाचवा ०.८६ चाच आहे. ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ताशी १०० ला फेऱ्या २८०० वरून २४०० वर येतात. एवढ्या खटाटोपाला हे फळ थोडकंच.

३.५० चा पहिला आणि ०.७८ चा पाचवा असलेला बॉक्स ३.७० च्या अॅक्सलला सगळ्यात चांगला जमतो: पहिला १२.९५, आणि ताशी १०० ला २१९० च्या आसपास फेऱ्या. ३.७६ आणि ०.७२ ची जोडीही चालते, पहिला मात्र थोडा जास्त, १३.९ येतो. शेवरोलेच्याच आठ सिलिंडरच्या कॅमेरो मोटारीतला २.९५ चा पहिला मोहात पाडतो, पण त्यातल्या काहींचा पाचवा ०.६३ चा आहे. तेव्हा इंजिन १७७० फेऱ्यांवर येतं आणि जरा चढ लागला की धापा टाकतं. शिवाय कॅमेरोत बॉक्स तिरका बसतो, त्यामुळे तो सरळ बेलहाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाला) लावला की गिअरचा दांडा एका बाजूला झुकतो. एस-१० च्या बॉक्सचा दांडा सरळ उभा राहतो आणि पुढेही असतो, लांब सीटच्या गाडीला तोच सोयीचा.

बॉक्सच्या एका बोल्टखाली १३५२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची पत्र्याची पट्टी असते. गुणोत्तर त्यावरून कळतं. पट्टी नसेल तर वरचं झाकण काढून दात मोजा. समोरच्या तोंडावर, इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून जोर घेणाऱ्या पुढच्या शाफ्टच्या) खाली, टेपर बेअरिंगची कडी दिसली तर तो नंतरचा 'वर्ल्ड क्लास' प्रकार. तिथे नुसतं गुळगुळीत बूच असेल तर आधीचा. वर्ल्ड क्लासच्या सिंक्रो रिंगांना अस्तर असतं. त्यात जाड गिअर ऑईल घातलं तर थंडीत गिअर पडतच नाही. डेक्सरॉन जातीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडच घाला, साधारण २.७ लिटर, बाजूच्या बुचातून ओघळायला लागलं की पुरे.

क्लच आणि पायलट बुश

एस-१० च्या इनपुट शाफ्टला एक इंच व्यासावर १४ खाचा असतात. जुन्या बॉक्सच्या १० खाचा होत्या, म्हणून जुनी क्लच प्लेट उपयोगाची नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट जुनीच ठेवून त्याच व्यासाची, पण १४ खाचांच्या हबची प्लेट घ्या. प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा: स्वतःच्या वजनाने खाली यायला हवी, पण डुगडुगता कामा नये. रिलीज बेअरिंगचा (पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) कॉलरही नव्या बॉक्सच्या नळीवर असाच मोकळा सरकायला हवा.

पायलट बुश, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या टोकात बसून इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारा बुश, बदलायचाच, जुना कितीही चांगला दिसो. भोकात ग्रीस ठासून भरा, शाफ्टच्या टोकाच्या मापाचा लोखंडी दांडा घालून हातोडी मारा, ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. नवा पितळी बुश इंजिन ऑईलमध्ये भिजवून बसवा. त्याला ग्रीस लावू नका, त्याची बारीक छिद्रं बुजतात.

बसवण्याआधी दोन मापं घ्या: बेलहाउसिंगच्या तोंडापासून बुशच्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि बॉक्सच्या तोंडापासून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंत. मध्ये अॅडॅप्टर प्लेट (बॉक्स आणि बेलहाउसिंगची भोकं जुळवणारी) असेल तर तिची जाडी शाफ्टच्या मापातून वजा करा. टोक बुशमध्ये किमान १२ मिलिमीटर शिरलं पाहिजे, पण क्रँकला आतून टेकता कामा नये. टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँकशाफ्ट पुढे रेटला जातो आणि त्याला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग खाल्लं जातं. दोष मग लोक इंजिनाला देतात.

डायल गेजशिवाय पुढे जाऊ नका

बेलहाउसिंगचं मधलं भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी जुळतं का, हे न बघता बसवलेले बॉक्स काही महिन्यांतच चौथ्यातून सुटायला लागतात. जुना ओतीव लोखंडाचा बॉक्स थोडाफार वाकडेपणा पोटात घालायचा, टी-५ घालत नाही. स्पार्क प्लग काढा, डायल गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर लावा, टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि इंजिन हाताने एक फेरी फिरवा. काटा एकूण ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. ०.३० हलला तर केंद्र ०.१५ ने सरकलेलं आहे, म्हणजे वाचनाच्या निम्मं. तेवढ्या मापाच्या विकेंद्री डॉवेल पिना (बेलहाउसिंगची जागा ठरवणाऱ्या पिना) लावून ते सरळ करा. मग टोक तोंडाच्या सपाट पृष्ठावर टेकवून तेच मोजा, तिथेही ०.१३ हीच मर्यादा. सपाट पृष्ठावर रंगाचा पापुद्रा किंवा बोल्टभोवती उचललेली कड असली तरी काटा उड्या मारतो, म्हणून कानस आधी. अॅडॅप्टर असेल तर तो आवळून पुन्हा एकदा.

बॉक्स चढवणं

अर्ध्या इंचाचे दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, कापलेल्या टोकावर पेचकसासाठी खाच पाडा आणि बेलहाउसिंगच्या वरच्या दोन भोकांत बसवा. बॉक्स यांच्यावरून सरकवत न्यायचा. मध्येच थकून बॉक्स सोडला आणि त्याचं वजन इनपुट शाफ्टवर आलं, तर क्लच प्लेटचं हब वाकतं. नंतर क्लच कितीही दाबला तरी पूर्ण सुटत नाही. शेवटचे १० मिलिमीटर राहिले आणि बॉक्स अडला, तर बोल्टने ओढू नका. कवच अॅल्युमिनियमचं आहे, कान तुटतो. पाचव्यात टाकून मागचा शाफ्ट हलकेच फिरवा, खाचा जुळल्या की तो आपसूक आत जातो. मग चारही बोल्ट आलटून पालटून ७५ न्यूटन-मीटरला आवळा.

या गाड्यांचं इंजिन मागच्या बाजूला बेलहाउसिंगच्या दोन माउंटिंगवर बसलेलं असतं. मूळ बॉक्स नुसता लटकत असे. टी-५ ची शेपूट लांब आहे, तिला आधार हवा, पण कडक नको. चासी पिळवटली की कडक आधारामुळे सगळा ताण कवचावर येतो. मऊ रबर वापरा आणि क्रॉसमेंबरची भोकं लांबट ठेवा. बोल्ट घालताना बॉक्सला वर किंवा खाली ढकलावं लागत असेल तर जाडी चुकली आहे, वायसर घालून ती दुरुस्त करा.

फरशीला भोक पाडण्याआधी सीट जागेवर ठेवा. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तिन्ही दांडा मागे ओढून पडतात, तेव्हा मूठ सीटच्या कडेला लागते का ते बघायचं असतं.

शाफ्ट आणि स्पीडोमीटर

टी-५ च्या मागच्या शाफ्टला २७ खाचा आहेत, योक (प्रोपेलर शाफ्टचा, बॉक्समध्ये सरकणारा पुढचा तुकडा) त्याच मापाचा घ्या. गाडी चाकांवर उभी असताना योक पूर्ण आत ढकला, २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढा, आणि योकच्या क्रॉसच्या (वाकणाऱ्या सांध्याच्या) मध्यापासून पिनियनच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या पुढच्या शाफ्टच्या, क्रॉसच्या मध्यापर्यंतची लांबी टर्नरला द्या. जॅकवर, अॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतंच. बॉक्स मागे ३ अंश खाली झुकला असेल तर पिनियनचं तोंड ३ अंश वर हवं, फरक १ अंशापेक्षा जास्त नको. ठरावीक वेगालाच गाडी थरथरायला लागली तर चाकांचं बॅलन्सिंग करत बसण्याआधी हे कोन तपासा.

केबलचा स्पीडोमीटर असेल तर बॉक्समधल्या, केबल चालवणाऱ्या गिअरचे दात × अॅक्सल × एका मैलात चाकाचे फेरे, भागिले १०००. ७ दात, ३.७० आणि ७३० फेरे धरले तर १८.९, म्हणून १९ दातांचा छोटा गिअर.

क्लच पॅडलला २५ मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. मागची चाकं अधांतरी ठेवून, स्टँड लावून, पाचही गिअर आणि रिव्हर्स इंजिन चालू करून बघा. क्लच दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग किंवा पायलट बुश. सोडल्यावर न्यूट्रलमध्ये येत असेल तर आवाज बॉक्सच्या आतला. रस्त्यावर पाचवा ताशी ७० च्या आत टाकू नका, आणि चढावर पाचव्यात अॅक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नसेल तर चौथ्यात या.